शिक्का कुणाचा, मोर्तब कुठवर?

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. मंत्रिमंडळाने प्रस्तावावर शिक्कामोर्तब केले, पक्षाने उमेदवारीवर शिक्कामोर्तब केले. शिक्का आणि मोर्तब हे दोन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि असे मिसळून गेले की आता ते एकच वाटतात. जुन्या दप्तरांत मात्र त्या दोन वेगळ्या मुद्रा होत्या आणि त्यांची कामेही वेगळी होती.

शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटे. पत्र कुणाच्या अधिकाराने निघाले, हे त्यावरून कळे. मोर्तब पत्राच्या शेवटी उमटे. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही वाढवले तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असा त्याचा अर्थ. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा दिसते. पुढे पेशवाईच्या कागदांवर 'लेखनसीमा' दिसते. लांब पत्र कागदाला कागद चिकटवून तयार होई, तेव्हा मागच्या बाजूला जोडावरही मुद्रा उमटवीत, म्हणजे मधला कागद कुणाला बदलता येऊ नये. आपल्या खानदेशाला हे नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झाले आणि त्यांनी जमवलेले कागद सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

आता तुम्ही म्हणाल, हे जुने दप्तर आज कशाला उघडले? कारण आपल्या खिशातला मोबाईल. जळगावचा कापड दुकानदार, रावेरचा केळीवाला, धुळ्यातला क्लासवाला, सगळ्यांचे आज फेसबुकवर पान आहे. कुणी ईद-दिवाळीचे पोस्टर बनवणारे ॲप जोडतो, कुणी फोटो सजवणारे, कुणी 'तुमचा स्वभाव ओळखा' असा खेळ. पडद्यावर 'फेसबुकने पुढे जा' असे बटण येते. आपण ते दाबतो आणि विसरतो. त्या एका दाबण्याने आपण एका अनोळखी माणसाला सनद लिहून दिलेली असते. शिक्का आपला उमटतो, मोर्तब कुठे उमटले ते आपण वाचत नाही.

सनद देऊन विसरले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १३७० साली दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला. ही दोन्ही गावे आजच्या शिरपूर तालुक्यात आहेत. अधिकार दिल्लीचा होता, मलिक राजा तो सांभाळणारा. पण दिल्ली दूर होती. १३८२ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि त्याच्या घराण्याने १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत खानदेशावर राज्य केले. थाळनेरला फारुकींच्या कबरी आजही आहेत. मलिक राजाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. खानदेशाला त्याने राज्य म्हणून ओळख दिली. सांगायचे ते दिल्लीबद्दल. ज्याला अधिकार दिला त्याच्याकडे पाहणे सुटले, की दिलेला अधिकार हळूहळू त्याचाच होतो.

इंटरनेटचा इतिहास फार लहान आहे, पण त्यातही हेच घडले. सुरुवातीच्या काळात एका संकेतस्थळाला दुसऱ्या ठिकाणची तुमची माहिती हवी असली, की ते सरळ तुमचा ईमेलचा पासवर्ड मागे. 'तुमचे मित्र शोधून देतो, पासवर्ड टाका.' लोक टाकत. म्हणजे शिक्काच उचलून दुसऱ्याच्या हाती देणे. त्याने किती पत्रांवर तो उमटवावा, याला काही धरबंधच नाही.

हे थांबवण्यासाठी २००७ मध्ये काही अभियंत्यांनी 'ओऑथ' नावाची पद्धत तयार केली. ट्विटरने ३१ ऑगस्ट २०१० नंतर बाहेरच्या ॲपना पासवर्ड वापरून आत येण्याची वाट बंद केली आणि ओऑथ सक्तीचे केले. ऑक्टोबर २०१२ मध्ये या पद्धतीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. पद्धत अशी : पासवर्ड ॲपला कळतच नाही. तो तुम्ही फेसबुकच्या किंवा गुगलच्या स्वतःच्या पानावर टाकता. मग फेसबुक त्या ॲपला एक वेगळी किल्ली देते, तिला टोकन म्हणतात. त्या किल्लीने ठरलेलीच दारे उघडतात, आणि तुम्ही ती केव्हाही रद्द करू शकता. इतक्या शतकांनी शिक्का आणि मोर्तब पुन्हा वेगळे झाले, असे म्हणायला हरकत नाही.

पण मोर्तब कुठे मारायचे, हे ठरवणाराच ढिला असेल तर? फेसबुकने मे २००७ मध्ये बाहेरच्या ॲपना दार उघडले, तेव्हा ॲप जोडणाऱ्याचीच नव्हे, तर त्याच्या मित्रांचीही माहिती ॲपला मिळू शकत होती. २०१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधक अलेक्झांडर कोगन यांनी स्वभावचाचणीचे एक ॲप आणले. त्यातून गोळा झालेली माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या कंपनीकडे गेली. मार्च २०१८ मध्ये प्रकरण उघडे पडले. एप्रिलमध्ये फेसबुकने भारताचा आकडा दिला : ते ॲप जोडणारे भारतीय होते ३३५, आणि ज्यांची माहिती गेली असावी असे भारतीय होते ५,६२,४५५. म्हणजे बटण दाबणाऱ्या एकामागे सरासरी १,६७८ माणसे, ज्यांना कुणी काही विचारलेच नाही.

आमच्या फिकहच्या ग्रंथांत 'वकालत' हे स्वतंत्र प्रकरण असते. वकील म्हणजे तिथे कोर्टातला वकील नव्हे. आपल्या वतीने काम करायला नेमलेला कोणीही माणूस. त्याला सोपवलेल्या कामापलीकडे जाता येत नाही, आणि मालकाच्या परवानगीशिवाय ते काम तिसऱ्याच्या हाती देता येत नाही. १८७२ चा भारतीय करार कायदाही मुखत्याराबद्दल साधारण हेच सांगतो. कोगन प्रकरणात नेमका हाच नियम मोडला. माणसांनी माहिती एकाला दिली, ती पोहोचली तिसऱ्याकडे.

कुणी म्हणेल, माझ्या खात्यात असे काय मौल्यवान आहे? चार फोटो आणि शुभेच्छा. पण खात्यात तुमचे नाव आहे, आणि ते नाव गावात चालते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. ती घटना ॲपच्या परवानगीची नव्हती. पण ओळखीच्या नंबरावरून, ओळखीच्या नावाने आलेल्या मजकुरावर माणूस किती पटकन विश्वास ठेवतो, हे तिने दाखवले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. तेही एक मोर्तबच, फक्त पाच जीव गेल्यावर उमटलेले.

म्हणून 'तुमच्या वतीने पोस्ट करण्याची परवानगी' हे वाक्य पडद्यावर दिसले, की थांबा. सणासुदीच्या, मिरवणुकीच्या, निवडणुकीच्या दिवसांत आपल्या नावाने भलतेच काही पडले, तर 'मी नाही, ॲपने टाकले' हे पटवायला किती फेऱ्या माराव्या लागतील, ते आपल्या जिल्ह्यांत कुणाला वेगळे सांगायला नको. आणि मुसलमान मुलाला त्या फेऱ्या जरा जास्तच पडतात, हेही खरे.

मग करायचे काय? ॲप जोडणे सोडायचे असे नाही. दुकानाचे पान चालवायला ती लागतात. पण तीन गोष्टी पाहा.

पहिली, शिक्का कुठे उमटतो आहे? पासवर्ड फक्त फेसबुक, गुगल यांच्या स्वतःच्या पानावर टाकायचा. वरच्या पट्टीतला पत्ता अक्षर न अक्षर वाचायचा. ॲप अधिकृत दुकानातून घेतले एवढ्याने भागत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, ४०० हून अधिक ॲप उघडी पाडली. फोटो सजवणे, खेळ अशा नावांखाली ती फेसबुकचा पासवर्ड चोरत होती आणि ती गुगल व ॲपलच्या दुकानांतच होती.

दुसरी, मोर्तब कुठे आहे? पोस्टर बनवणाऱ्या ॲपला तुमच्या मित्रांची यादी कशाला हवी? तुमचे संदेश वाचण्याची परवानगी कशाला? नको ती परवानगी काढता येत असेल तर काढा, येत नसेल तर ॲप सोडा.

तिसरी, जुन्या सनदा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये 'ॲप्स आणि वेबसाइट्स', गुगलमध्ये बाहेरच्या ॲपची जोडणी, व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' असे भाग असतात. जळगावातल्या ओळखीच्या एका दुकानदाराची यादी मी त्याच्याबरोबर बसून उघडली, तर बहुतेक नावे त्याला ओळखताच येईनात. पान सांभाळणारा पोरगा काम सोडून सुरतेला गेला होता, त्याने जोडलेली ॲप तशीच आत होती. पासवर्ड बदलला की जोडलेली सगळी ॲप तुटतातच असे नाही. ती एकेक करून काढावी लागतात. आणि काढल्यावरही त्यांनी आधी नेलेली माहिती परत येत नाही, ती पुसायला त्यांनाच वेगळे सांगावे लागते. तुमच्या नावाने कुणी काही केलेच, तर पडद्याचा फोटो घेऊन ठेवा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच कळवा.

२०२३ च्या आपल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात एक तरतूद आहे : संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. चांगली गोष्ट आहे. पण ती मागे घ्यायची हे आठवायला हवे आपल्यालाच. आज जेवण झाल्यावर दहा मिनिटे काढा आणि ती यादी उघडा. आपली झाली की अम्मी-अब्बूंच्या फोनमधलीही पाहा. तिथे कुणी, केव्हा, काय जोडून दिले, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.