मैलांचे घड्याळ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख आणि बखरी उभ्या राहतात. मोटारीच्या डॅशबोर्डावरची चार-पाच गोल घड्याळेही इतिहासाचे साधन होऊ शकतात, असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटावी. तरीही हा लेख त्या घड्याळांविषयी आहे. आणि तीही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जुन्या जीपची. दसऱ्याला आपण मोटारीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, डॅशबोर्डावर हळदकुंकवाची बोटे उमटवतो. त्या बोटांच्या शेजारी बसलेले काटे मात्र चालते आहेत तोवर आपल्या खिजगणतीत नसतात.

जीप ही युद्धाची लेक. अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून विलीस आणि फोर्ड या कारखान्यांनी ती लाखांनी बनवली. १९४५ साली युद्ध संपले आणि हिंदुस्थानात आलेल्या लष्करी गाड्यांपैकी पुष्कळशा लिलावात निघाल्या. पुढे १९४९ साली महिंद्रांनी मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली. वऱ्हाडच्या काळ्या मातीत, मृगाचे दोन पाऊस पडले की जिथे बैलगाडीचे चाकही तुंब्यापर्यंत रुतते, तिथे चारही चाकांना जोर पोचवणारी ही गाडी लोकांना आवडली यात नवल नाही.

आमच्या घरची जीप अशीच लिलावातून आलेली. तिचे नशीब मोठे गमतीचे. ती आली तेव्हा यवतमाळ ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होते. १९५० साली ते मध्य प्रदेशात गणले गेले, १९५६ च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. गाडी घराच्या ओट्यासमोर उभी होती तिथेच उभी, आणि तिच्याभोवती राज्ये मात्र चार झाली! नाणी बदलली, वजने बदलली. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आणली आणि १९६० च्या दशकात रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांची जागा किलोमीटरच्या दगडांनी घेतली. जीपच्या काट्याने तेवढा आपला मैल सोडला नाही.

आमच्या जिल्ह्याच्या जीवनात जीपने राज्यकारभाराचीही भूमिका बजावली आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पंचायत राज्याचा आराखडा दिला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. गटविकास अधिकारी आणि त्याची जीप ही जोडी तेव्हापासून खेड्यापाड्यांच्या ओळखीची झाली. सरकार म्हणजे काय, हे पुस्तकातून कळण्याआधी कितीतरी पोरांना ते धुरळा उडवीत येणाऱ्या जीपवरून कळले.

आता त्या घड्याळांकडे वळू. युद्धकाळातल्या जीपला पाच घड्याळे असत: वेगाचे, पेट्रोलचे, तेलाच्या दाबाचे, पाण्याच्या उष्णतेचे आणि विजेच्या प्रवाहाचे. आमचा मिस्त्री या सर्वांना सरसकट ‘मीटर’ म्हणतो. पैकी तेलाच्या दाबाचे मीटर हे आमच्या जिल्ह्याचे जुने ओळखीचे. युजेन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने १८४९ साली शोधलेली एक वाकडी, चपटी, पोकळ नळी त्याच्या पोटात असते. आत दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. याच तत्त्वाचे घड्याळ वाफेच्या बॉयलरवर असते. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची आपली ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली, आणि तिने ज्या कापसाच्या गाठी वाहिल्या त्या ज्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघत, तिथेही वाफेचे बॉयलर असत. तेव्हा जीप आली म्हणून आमच्याकडच्या मिस्त्र्यांना दाबाचा काटा नव्याने शिकावा लागला नसावा.

वेगाच्या मीटरची गोष्ट याहून सुरस आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो याला १८२४ साली आढळले की तांब्याची तबकडी फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूची, स्पर्श नसतानाही, तिच्यामागे ओढली जाते. पुढे फॅरडेने त्याचे कारण सांगितले. ऑटो शुल्झ या जर्मनाने १९०२ साली हेच तत्त्व उलटे करून वेगमापकाचे पेटंट घेतले. गिअरबॉक्सपासून निघालेली लवचीक केबल मीटरमधले चुंबक फिरवते. चुंबक शेजारच्या ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढते. आणि एक केसासारखी बारीक स्प्रिंग त्या वाटीला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. मैलांचे आकडे मात्र दातेरी चाकांवर फिरतात. तिथे ओढाताण नाही, नुसता हिशेब.

आमच्या जीपचा वेगाचा काटा थरथरू लागला आणि पुढे निजूनच गेला, तेव्हा सारी मीटरे उतरवण्याचा प्रसंग आला. हे काम घाईचे नव्हे. मिस्त्रीने प्रथम बॅटरीची अर्थिंगची तार सोडली, कारण विजेच्या मीटरमागच्या तारा किल्ली बंद असतानाही जिवंत असतात. पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणगी आलीच. मग प्रत्येक तारेला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. वेगाच्या केबलचे नट हातानेच सुटले. तेलाची नळी सोडताना खाली चिंधी धरली. पाण्याच्या मीटरशी तो सर्वांत जपून वागला. त्याची केसासारखी तांब्याची नळी मीटरपासून इंजिनापर्यंत अखंड असते आणि तिच्यात इथर भरलेले असते. ती मोडली की मीटर संपले. म्हणून रेडिएटरचे पाणी काढून, इंजिनातला गोळा सोडून, नळी आणि मीटर त्याने एकत्रच बाहेर घेतले. मागच्या पट्ट्यांचे नट काढले आणि पाचही घड्याळे पाटावर ओळीने मांडली.

वेगाच्या मीटरची कडी उकलल्यावर आत काय निघावे? जुने वाळलेले ग्रीस आणि काचेच्या फटीतून वर्षानुवर्षे झिरपलेले कुंकू! आमच्या भक्तीनेच काट्याची वाट अडवली होती. मिस्त्रीने स्प्रिंगला बोट न लावता, घड्याळजीच्या हलक्या हाताने आस पुसला. मग केबलचा तुकडा ड्रिलमध्ये धरून फिरवला. अमेरिकन मीटरला मैलामागे हजार फेरे लागतात. म्हणजे मिनिटाला हजार फेरे दिले की काटा साठावर यायला हवा. तो आला.

मग मिस्त्रीने साधेपणाने विचारले, “भाऊ, आकडे शून्यावर आणून देऊ काय? गाडी नव्यासारखी वाटंल.” घरातल्या तरुण मंडळींचे म्हणणे तर याही पुढचे होते: मैल आता कोणाला कळतात? किलोमीटरचे नवे मीटर बसवून टाकू. दोन्ही सूचनांत वाईट हेतू नव्हता. यंत्राच्या दृष्टीने नव्या मीटरला अडचण अशी, की मैलाला हजार फेरे म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१. निराळ्या हिशेबाचे मीटर या केबलला जोडले तर ते रोज खोटे बोलणार. शून्याला मात्र यंत्राची अडचण काहीच नव्हती. त्याचा निकाल आमच्या ऐंशी ओलांडलेल्या आत्याने दिला. ती म्हणाली, “राहू दे बाबा. त्या आकड्यात तुझ्या आजोबांनी मला बाळंतपणाला आणलं तेही मैल आहेत.”

मला वाटते, जुन्या वस्तूच्या दुरुस्तीतला खरा प्रश्न हाच आहे. दुरुस्ती म्हणजे वस्तूचे चालणे परत आणणे. तिची आठवण पुसणे नव्हे. कापसाच्या बाजाराचे फेरे, वणीचे लग्न, रात्री-अपरात्री नागपूरच्या इस्पितळाची धाव, हे कुठल्याही दप्तरात नोंदलेले नाही. त्याची नोंद आहे ती या पाच फिरत्या आकड्यांत, आणि तीही घरातले कोणी वाचून दाखवील तोवरच. सरकारनेही २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. आणि तिची अट गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, हीच आहे.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आजच्या मोटारींचे डॅशबोर्ड म्हणजे एक बंद पेटी. ते बिघडले की बदलायचे, उघडायचे नाही. त्यामुळे कडी उकलून आस पुसणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि असे हात संग्रहालयात ठेवता येत नाहीत. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुनी मोटार असेल, तर या दिवाळीत तिची मीटरे एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून उतरवून घ्यावीत, आणि ते चालू असताना घरातल्या एखाद्या मुलाला चिठ्ठ्या बांधायला शेजारी बसवावे. शिलालेख दगडावर टिकतात. हे ज्ञान एका हाताने दुसऱ्या हाताला दिले तरच टिकते.