आइसलँडचा 'वैवाहिक सुख' टार्ट घरी कसा भाजायचा?

आइसलँडमध्ये कॉफीसोबत खाल्ला जाणारा एक जुना, साधा जॅम टार्ट आहे. नाव 'ह्योनाबान्ससैला', अर्थ 'वैवाहिक सुख'. नाव भारदस्त असलं तरी काम एका भांड्यात उरकतं. खाली-वर ओट्सचं खुसखुशीत पीठ, मधे रुबार्बचा आंबटगोड जॅम.

रुबार्बच का? तिथल्या थंड आणि छोट्या उन्हाळ्यात फळझाडं फारशी तग धरत नाहीत. रुबार्बला मात्र थंडीच मानवते. हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो आणि वसंतात मुळातून पुन्हा जाड, लालसर देठ फुटतात. एकदा लावला की वर्षानुवर्षं येत राहतो. खायचे ते फक्त देठ, कारण पानं विषारी असतात. आयुर्वेदिक दुकानात मिळणारी रेवंदचिनी ही रुबार्बच्याच हिमालयातल्या भावंडाची मुळी आहे, पण ती रेचक औषध म्हणून वापरतात. जॅमसाठी तिचा विचारही नको.

साधारण २३ सेंटीमीटरच्या टिनसाठी १५० ग्रॅम ओट्स, १५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, अर्धा चमचा खायचा सोडा, १५० ग्रॅम मऊ लोणी, १ अंडं आणि सुमारे २५० ग्रॅम जॅम लागतो. लोणी मिठाचं नसेल तर चिमूटभर मीठ घालावं. कोरडे जिन्नस एकत्र करून त्यात लोणी चोळायचं, मग अंडं घालून गोळा जेमतेम जमेल इतकंच कालवायचं. पोळीच्या कणकेसारखं मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि टार्ट कडक होतो.

दोन तृतीयांश पीठ लोणी लावलेल्या टिनमध्ये बोटांनी दाबून बसवावं. त्यावर जॅम पसरताना कडेला बोटभर जागा सोडावी, नाहीतर उकळलेली साखर टिनला चिकटून करपते. उरलेलं पीठ वर कुस्करून टाकायचं किंवा त्याच्या वळ्या करून जाळी घालायची. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसला ३५ ते ४० मिनिटांत वरचा थर तांबूस होतो.

महाराष्ट्रातल्या बाजारात रुबार्ब सहसा दिसत नाही. बाटलीतला स्ट्रॉबेरी जॅम चालेल, पण तो नुसताच गोड असतो. त्यात एका लिंबाचा रस घालून थोडा आटवला, तर रुबार्बच्या आंबटपणाची उणीव बरीचशी भरून निघते. पातळ जॅम तसाच घातला तर तळ ओला राहतो.

खरी परीक्षा भाजून झाल्यावर असते. गरम जॅम पातळ असतो, त्यामुळे घाईनं कापलेला टार्ट हमखास तुटतो. तो टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्यावा. जमलं तर दुसऱ्या दिवशी कापावा. तोवर ओट्स जॅममधला ओलावा शोषून मऊ होतात. सोबत फेटलेली क्रीम आणि काळी कॉफी.