घरबसल्या संख्याशास्त्र : ‘स्वयम्’वर शिकताना

बी.कॉम., अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा संगणक, कुठेही प्रवेश घ्या, संख्याशास्त्राशी गाठ पडतेच. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर २०१७ पासून असे विषय मोफत शिकता येतात. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’चे अभ्यासक्रमही तिथेच मिळतात.

सुरुवात सरासरी आणि मध्यकापासून होते. समजा, मोहल्ल्यातल्या पाच घरांची महिन्याची कमाई १०, १२, १५, १८ आणि ९५ हजार आहे. सरासरी येते ३० हजार, मध्यक १५ हजार. बहुतेक घरांची खरी हालत मध्यक सांगतो. पुढे संभाव्यता, नमुना निवड असे भाग येतात. नुसते व्हिडिओ पाहून ते डोक्यात बसत नाहीत, वही-पेन घेऊन गणिते सोडवावीच लागतात.

शिकणे मोफत असले तरी प्रमाणपत्रासाठी फी भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. मुलींना पाठवायचे असेल तर जवळचे केंद्र आधीच पाहून ठेवा.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेता येतात. मात्र आपले कॉलेज त्या विषयाचे क्रेडिट देणार का, हे नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या. नंतर विचारले तर मेहनत होते, पण क्रेडिट हातात पडत नाही.