पथ्य कोणाच्या वाट्याला?

हवामहल बांधणारे जयपूरचे महाराज सवाई प्रतापसिंह (कारकीर्द १७७८–१८०३) यांनी ‘अमृतसागर’ हा वैद्यकग्रंथ संस्कृतात नव्हे, तिथल्या लोकभाषेत करवून घेतला. त्या परंपरेत काढ्यासोबत पथ्य आलेच. पुढे जयपुरात १९४६ साली स्वतंत्र सरकारी आयुर्वेद महाविद्यालय झाले आणि १९४७ मध्ये सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय. आयुर्वेद महाविद्यालयातून १९७६ मध्ये राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान उभे राहिले. पाट्या दोन झाल्या, तशी पथ्य वैद्यांचे आणि गोळ्या डॉक्टरांच्या ही वाटणीही लोकांच्या डोक्यात पक्की झाली. म्हणून एखादा एम.डी. डॉक्टर चिठ्ठी लिहिण्याआधी जेवणाची चौकशी करू लागला, की तो ‘तिकडचा झाला’ म्हणतात. ही वाटणी इतिहासाला धरून नाही.

रॉबर्ट मॅककॅरिसन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. गिलगिटमध्ये गलगंडाचा अभ्यास केल्यावर ते कुन्नूरला आहाराच्या संशोधनाकडे वळले. तिथे त्यांनी उंदरांच्या गटांना वेगवेगळ्या प्रांतांचे जेवण घातले. पोळी, डाळ, भाजी, दूध, लोणी खाणारे ‘शीख’ उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, ‘मद्रासी’ भातावरचे सर्वांत किरकोळ. मराठी जेवण तिसरे. (भाकरीचा अभिमान जरूर बाळगावा, पण पहिल्या नंबराच्या ताटातले दूधही पाहावे.) उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच. मुद्दा पद्धतीचा आहे: जेवण बदला, बाकी सारे तेच ठेवा, वजन करा. आधुनिक वैद्यकाने पथ्य टाकले नाही, त्याची परीक्षा घेतली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आहाराच्या नादात औषध सुटले तर? इन्शुलिनच्या आधी फ्रेडरिक ॲलन यांच्यासारखे नामांकित डॉक्टर मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. मुले काही काळ जास्त जगत, पण हाडांचा सापळा होऊन. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिन मिळाले, आणि ते काम कुठल्याच ताटाला जमण्यासारखे नव्हते. तेव्हा औषधाऐवजी अन्न, असा दावा करणाऱ्या डॉक्टरवर भरवसा ठेवू नये. पण औषधासोबत अन्न, हा दावा वेगळा. झारखंडमधल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांतल्या क्षयरुग्णांना औषधे आणि शिधा मिळाला. एका गटात घरच्यांनाही तांदूळ-डाळ दिली. त्या घरांत नव्याने होणारा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी घटला.