द्राक्षवेल : काडीपासून घरगुती अभिवृद्धी

द्राक्षवेलीच्या पक्व काडीला मुळे फुटवून नवी वेल तयार करण्याची शाकीय पद्धत. बीपासून आलेली द्राक्षवेल मूळ वाणासारखी निपजत नाही. थॉमसन सीडलेससारख्या बिनबियांच्या वाणांत तर पेरण्याजोगे बीच नसते. हे वाण आजवर टिकले ते काडी आणि कलम यांच्याच आधाराने. सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेला ‘सोनाका’ हे वाणही असेच बागोबाग पोचले.

हंगाम : सांगली जिल्ह्यातील द्राक्षपट्टा तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या तालुक्यांत आहे. महाराष्ट्रात वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काड्या फळछाटणीपर्यंत पक्व होतात. छाटून टाकलेल्या याच काड्या रोपांसाठी उत्तम. पाऊसही तोवर ओसरलेला असल्याने काडी कुजण्याची भीती कमी असते.

काडीची निवड : काडी तपकिरी, गोल, पेन्सिलीएवढ्या जाडीची व डोळे फुगीर असलेली घ्यावी. नखाने साल किंचित खरवडल्यास आत ओलसर हिरवा थर दिसला पाहिजे. केवडा, भुरी, करपा यांनी ग्रासलेल्या किंवा विषाणूची लक्षणे असलेल्या वेलीची काडी घेऊ नये. काडीबरोबर वाणाचे गुण येतात, तसे रोगही येतात. म्हणून मातृवेल फळे असतानाच पाहून ठेवावी.

लागवड : तीन-चार डोळ्यांचे, २५ ते ३० सेंमी. लांबीचे तुकडे करतात. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा आणि वरचा काप डोळ्याच्या सुमारे २ सेंमी. वर तिरका घेतात. त्यामुळे काडी उलटी लागत नाही. बुडखा मुळे फुटवणाऱ्या संजीवकात बुडवल्यास मुळे लवकर व भरपूर येतात. भोके पाडलेल्या पिशवीत वाळू, पोयटा माती व कुजलेले शेणखत भरून निम्मी काडी त्यात पुरावी, माती घट्ट दाबावी आणि पिशवी सावलीत ठेवावी. ओल कायम हवी, पाणी मात्र साचू नये.

काही दिवसांत डोळे फुटून कोवळी पाने येतात. ती काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आलेली असतात. खाली मुळे असतीलच असे नाही. या वेळी काडी उपटून पाहिल्यास किंवा उन्हात ठेवल्यास हातचे रोप जाते. मुळे धरायला साधारण महिनाभर लागतो. पुढे फूट जोमाने वाढू लागली की रोप हळूहळू उन्हाला सरावू द्यावे आणि मुळांनी पिशवी भरल्यावर मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत लावावे.

पुढील निगा : वेलीला मांडव व भरपूर ऊन लागते. खरड छाटणीनंतरच्या साधारण दोन महिन्यांत डोळ्यांमध्ये सूक्ष्मघड तयार होतात. त्या काळात सावली पडली तर घड कमी येतात. घरच्या वेलीची छाटणी टाळली की पाला वाढतो आणि फळ दुरावते. योग्य वळण दिल्यास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घड मिळतात.

खुंट : युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने बागा उद्ध्वस्त केल्यावर अमेरिकी खुंटांवर कलमे बांधण्याची रीत रूढ झाली. महाराष्ट्रात खुंट वापरतात ते मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार यांसाठी. त्यांत डॉगरिज अधिक प्रचलित आहे. चांगल्या निचऱ्याच्या कुंडीत स्वमुळावरची वेल पुरेशी ठरते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्यासारखी खारवट जमीन किंवा क्षारयुक्त बोअरचे पाणी असेल, तर आधी डॉगरिजची काडी रुजवून तिच्यावर हव्या त्या वाणाचे पाचर कलम करावे.