घडी, करदोटा आणि पट्टा

आज आम्ही ज्या गोष्टीवर बोलणार आहोत, ती ऐकताना घरात पुरुषमाणूस बसलेला असेल तर काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील. करू नका. त्यालाही आई आहे, आणि तोही एक दिवस म्हातारा होणार आहे.

विषय आहे लघवी सुटण्याचा. खोकलं की थेंब, शिंकलं की थेंब, हंडा उचलला की लुगडं ओलं. आमच्या बचत गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "कुणाला असा त्रास आहे का?" एकही हात वर आला नाही. बैठक मोडली, चहा झाला, आणि मग एकेक जण जवळ येऊन कानात सांगू लागली. एक जण दोन वर्षं एसटीत बसली नव्हती. दुसरी लेकीच्या घरी मुक्कामाला जात नव्हती, अंथरूण ओलं होईल म्हणून. तिसरीनं पाणी पिणंच कमी केलं होतं.

हा विषय निघाला तो आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंमुळं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा लघवीवर ताबा राहिला नव्हता. सुनेनं मेडिकलमधून डायपर आणले, तेही मोठ्यात मोठ्या मापाचे, जास्त टिकतील म्हणून. म्हातारी वाळलेली काडी. मांडीपाशी फट राहायची आणि सगळं बाहेर यायचं. पुढं पुण्याहून भाच्यानं वेगळ्या तऱ्हेचे आणून दिले. त्यांना कमरेभोवती रुंद पट्टा होता. आधी पट्टा कमरेला लावायचा, मग मधली घडी दोन्ही पायांतून पुढं घेऊन पट्ट्यावर चिकटवायची. सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं माय, ह्यो तर करदोटा अन् लंगोटी!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. करदोट्यात लंगोटी पुढून मागून अडकवायची रीत आपल्याकडं किती जुनी आहे, हे सांगायला नको. बायकांचंही तसंच. आमच्या आज्या अंगावर जायचं तेव्हा जुन्या लुगड्याची घडी घ्यायच्या आणि ती जागेवर राहावी म्हणून कमरेला सुती नाडी बांधायच्या. म्हातारपणी लघवी सुटू लागली की तीच घडी, तीच नाडी पुन्हा निघायची. अंथरुणावर मेणकापड, त्यावर गोधडीचा तुकडा. हे सगळं कुणी शिकवलेलं नव्हतं. सासूनं सुनेला सांगितलं नाही, सुनेनं लेकीला सांगितलं नाही. प्रत्येकीनं अंधारात स्वतःच शोधून काढलं आणि चिंधी कुणाला दिसू नये म्हणून सावलीत, दुसऱ्या कपड्याखाली वाळवली. ती नीट वाळायची नाही, मग खाज यायची, जखमा व्हायच्या.

तिकडं परदेशातल्या बायकांचंही काही वेगळं नव्हतं. पहिल्या महायुद्धात जखमांच्या पट्ट्यांसाठी लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा एक पदार्थ बनवला जात होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तो पाळीच्या दिवसांत वापरायला सुरुवात केली. त्याच पदार्थाचे पॅड अमेरिकेत 1920 मध्ये विक्रीला आले. ते पॅड जागेवर कसे राहायचे? कमरेला लवचिक पट्टा, त्याला पुढं आणि मागं अडकवण्या. म्हणजे पुन्हा करदोटाच. चिकटपट्टी असलेले पॅड आले 1970च्या आसपास, आणि पाळीचा पट्टा हळूहळू मागं पडला. पुढं मोठ्या माणसांच्या डायपरमध्ये तो परत दिसू लागला.

डायपरच्या आत जी पूड असते, तिची गोष्ट तर आपल्या दुष्काळी भागानं ऐकावी अशी आहे. साठच्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्यातले शास्त्रज्ञ जमिनीत ओल कशी टिकेल याचा शोध घेत होते. त्यांनी पिठूळ पदार्थापासून, म्हणजे स्टार्चपासून, अशी पूड बनवली की जी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. या जातीची पूड 1980 नंतर जपान आणि अमेरिकेतल्या डायपरमध्ये आली. म्हणून आजचा डायपर पातळ असतो आणि तरी कपड्याच्या चार घड्यांपेक्षा जास्त ओल पितो. शेतातली ओल टिकवायला निघालेली वस्तू म्हातारीचं अंथरूण कोरडं ठेवायला उपयोगी पडली.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. लघवी सुटणं हे फक्त म्हातारपणाचं दुखणं आहे, असं समजू नका. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. त्यांना विसावा मिळाला नाही, लगेच वजन उचललं, तर ते सैलच राहतात. बीडची बाई दिवाळीच्या आसपास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. दोघं मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, खाडा पडला तर पैसे कापले जातात. फडात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, कोपीपाशी संडास नाही, म्हणून दिवसभर लघवी दाबून धरायची. बाळंतीण असो की पाळी आलेली असो, मोळीचं वजन तेवढंच. मग अंग बाहेर येतं, पांढरं जातं, लघवी सुटते.

बायकांच्या या दुखण्यांना आकडा मिळाला तो 1989 मध्ये. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली. त्यांचा अहवाल 'लॅन्सेट' या इंग्लंडमधल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या 92 बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त आठ होत्या. बाकीच्यांनी सोसलं, घडी घेतली आणि कामाला गेल्या.

त्यानंतर तीस वर्षांनी, 2019 मध्ये, आपल्या बीडचं नाव देशभर गेलं, पण ते गर्भपिशव्यांमुळं. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर शंभरात जवळपास सतरा. किती तरी जणी तिशी-पस्तिशीच्या. अंगावर पांढरं जातं, पोट दुखतं, पाळी जास्त जाते, एवढ्या तक्रारी घेऊन बाई गेली, कॅन्सरची भीती ऐकली आणि पिशवी देऊन आली. पाळी गेली म्हणजे खाडा गेला, असाही हिशेब काही घरांनी केला.

आमच्या गटातही अशा बायका आहेत. त्यांतल्या एकीचं बोलणं आम्हाला विसरता येत नाही. ती म्हणाली, "लघवी सुटायची म्हणून दवाखान्यात गेले होते. पिशवी काढली. लघवी अजून सुटतीच."

मैत्रिणींनो, हे नीट ध्यानात घ्या. लघवीची पिशवी वेगळी आणि गर्भाची पिशवी वेगळी. गर्भपिशवी काढल्यानं लघवीचा ताबा परत येत नाही. काही बायकांचा त्रास नंतर वाढतोही. कधी कधी अंग फार बाहेर आलेलं असतं किंवा गाठ असते, तेव्हा शस्त्रक्रिया लागते, हेही खरं. पण सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा. आपल्या जिल्ह्यात सरकारी जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. लघवीत रक्त येत असेल, जळजळ आणि ताप असेल, बाळंतपणानंतर लघवी सारखी गळत असेल किंवा ताबा अचानक गेला असेल, तर डायपर शोधत बसू नका, आधी तपासून घ्या.

पुष्कळ जणींना साध्या व्यायामानंच उतार पडतो. अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरनं 1948 मध्ये तो लिहून ठेवला. लघवी अडवल्यासारखं आतून आवळायचं, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. भाकरी थापताना करा, मोटारीची वाट बघताना करा, कुणाला कळतही नाही. आणि पाणी पिणं कमी करू नका. त्यानं लघवी कडक होते, जास्त जळते, जास्त लागते.

एवढं करूनही ज्यांना गरज आहे, त्यांनी डायपर निवडताना काय बघावं?

बाजारात मुख्य तीन तऱ्हा आहेत. टेपचा, पँटसारखा आणि पट्ट्याचा. अंथरुणाला पूर्ण खिळलेल्या माणसाला टेपचा बरा पडतो. जी स्वतः हिंडती-फिरती आहे, तिला पँटसारखा सोपा, पण तो बदलायला खालचे कपडे पुरते काढावे लागतात. जी आधार धरून उभी राहू शकते, पण जिला बदलायला दुसरं माणूस लागतं, तिच्यासाठी पट्ट्याचा चांगला. उभ्या उभ्या लावता येतो, म्हातारीला उचलून कूस पालटायची वेळ कमी येते. सुनेची कंबर वाचते. आणि कुल्ल्यांच्या बाजूला प्लॅस्टिक नसल्यानं हवा लागते, उन्हाळ्यात घाम साचत नाही. पट्ट्याचा डायपर प्रत्येक मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. मागवून घ्यावा लागेल.

माप टेपनं घ्या, अंदाजानं नको. कमरेचं आणि कुल्ल्याचं, दोन्ही मापं कागदावर लिहून न्या. मोठं माप म्हणजे जास्त ओल पितो, असं नाही. सैल झाला की गळतो. पट्टा लावल्यावर आत दोन बोटं जावीत, त्याहून घट्ट नको. मधली घडी होडीसारखी मुडपून पायांतून घ्या, म्हणजे कडा मांडीला नीट बसतात. दिवसाला हलका, रात्रीला जास्त ओल पिणारा, असे दोन ठेवले तर खर्च कमी होतो. शी झाली तर लगेच बदला. धुताना पुढून मागं धुवा, टिपून कोरडं करा, घासू नका. कातडी लाल दिसली तर दिवसातून थोडा वेळ मोकळं ठेवा.

खर्चाचा हिशेब पाकिटावर करू नका, महिन्यावर करा. एका नगाची किंमत, दिवसाला किती, गुणिले तीस. आकडा मोठा येतो. पाळीच्या पॅडवरचा जीएसटी 2018 मध्ये पूर्ण गेला, त्यासाठी बायकांनी आवाज उठवला होता. मोठ्यांच्या डायपरवर मात्र 12 टक्के चालूच राहिला, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला. ज्या त्रासाबद्दल कुणी बोलत नाही, त्याच्यासाठी सवलतही उशिरा येते. जनऔषधी दुकानात स्वस्त डायपर आहेत का, ते विचारा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरच्या, बसणाऱ्या उत्पन्नाच्या माणसांना साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. त्या यादीत कमोडची खुर्ची आहे. वेळेवर बसवलं तर डायपर वाचतात.

वापरलेला डायपर चुलीत जाळू नका, ओढ्यात टाकू नका. कागदात गुंडाळून वेगळा द्या. घंटागाडी येत नसेल तर ग्रामसभेत मागणी करा.

ज्यांना विकतचं परवडत नाही, त्यांच्यासाठी आमच्या गटानं एक करून पाहिलं. चार बोटं रुंद सुती पट्टा, त्याला पुढं-मागं काज-बटणं आणि जुन्या मऊ सुती कापडाच्या जाड घड्या, धुऊन कडक उन्हात वाळवायच्या. दिवसाला हा, रात्रीला विकतचा. सासूबाईंनी पहिला पट्टा स्वतः बांधून बघितला आणि बटण एक बोट मागं घ्यायला सांगितलं. त्यांचंच बरोबर निघालं.

त्या घड्या आता अंगणातल्या दोरीवर, उन्हात, सगळ्यांसमोर वाळतात. पुढच्या बैठकीत आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी अकरा हात वर आले. त्यांतल्या चौघी दिवाळीनंतर तोडीला जाणार आहेत. निघण्याआधी त्या चौघींची तपासणी करून घ्यायची, असं गटानं ठरवलं आहे. तुमच्या गटातही हा प्रश्न विचारा. पहिल्यांदा हात वर आले नाहीत, तर चहा ठेवा आणि थांबा.