आपल्या बोअरच्या पाण्याचा इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या पाण्यावर लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. कारण या इतिहासात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती इतिवृत्तात नोंदलेली आहे. पण पंचवीस वर्षे झाली, आता लिहायला हरकत नाही.

साताऱ्याला पाण्याची जाण जुनी. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ मध्ये, विरुबाईंनी लिंब-शेरीला बांधलेली बारा मोटेची विहीर आपण सहलीला पाहिली आहे (नाव बाराचे, सोय पंधरा मोटांची!). शहरात महादऱ्याचे तळे, मंगळवार तळे, मोती तळे आहेत. आपल्या पायाखाली काळा पाषाण. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्या रिकाम्या झाल्या की खाली कितीही खोल जा, नशिबाचा खेळ.

१९७२ च्या दुष्काळानंतर बोअरची गाडी गावोगाव दिसू लागली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच सुमाराची. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. म्हणजे उपसा कुठे करायचा नाही ते कायद्याने सांगितले. जमिनीत परत पाणी घालायचे कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. पहिली बोअर १८० फुटांची. २००३ च्या दुष्काळात ती हवा फेकू लागली. मग पाणाड्याला बोलावले, त्याने हातावर नारळ धरून जागा दाखवली आणि आपण ३०० फूट गेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही.

१० मार्च २००५ ला शासनाने नियम काढला. गावठाणाबाहेर ३०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवे बांधकाम केले तर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय हवी. नसेल तर दर १०० चौरस मीटर बांधकामाला वर्षाला हजार रुपयांपर्यंत दंड. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत, कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या आपल्या एका सभासदांनी शोषखड्ड्याचा ठराव मांडला. खर्च चाळीस हजार. मी खजिनदार होतो. मी उठून म्हणालो, "कायदा नव्या इमारतींना आहे, आपली इमारत आधीची. नसता खर्च कशाला?" ठराव बहुमताने बारगळला. सर नंतर काही बोलले नाहीत. आता ते नाहीत.

खरे तर हिशेब साधा होता आणि मी आयुष्यभर हिशेबच केले. आपली गच्ची साधारण ४०० चौरस मीटर. पाऊस हजार मिलिमीटर धरला तर ४ लाख लिटर. वीस टक्के वाया गेले तरी ३ लाख २० हजार. दहा हजार लिटरचा टँकर धरा, बत्तीस टँकर होतात! बँकेत गृहकर्जाच्या फायलींत नकाशावर कोपऱ्यात एक छोटे वर्तुळ असायचे, 'रेन वॉटर हार्वेस्टिंग' लिहिलेले. आम्ही नकाशा मंजूर आहे का ते बघत होतो. वर्तुळाच्या जागी खड्डा आहे का, हे बघायला मी एकदाही गेलो नाही. पुढे एका ठिकाणी त्या जागी पेव्हर ब्लॉक आणि खाली बांधकामाचा राडारोडा निघाला. भोगवटा प्रमाणपत्र मात्र चोख होते.

माझी बदली सांगलीला झाली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. तिकडे नदीकाठी चिकट काळी माती. पावसाळ्यात पाणी आधीच वर आलेले, शोषखड्डा पिणार काय? आणि त्याच जिल्ह्यात जत, आटपाडीला टँकर. नियम मात्र सगळ्यांना एकच. माझ्या मते तिथे जिरवण्यापेक्षा टाकीत साठवणेच शहाणपणाचे.

२००९ चा भूजल कायदा १ जून २०१४ पासून लागू झाला. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आली, बोअर मारणाऱ्या यंत्रमालकांनाही नोंदणी आली. आपली दुसरी बोअर त्या मापात बसत नाही, हे मी तेव्हा मनातल्या मनात मोजले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. टीव्हीवर ते पाहताना आमच्या सौ. म्हणाल्या, "तुमची गच्ची दरवर्षी जवळजवळ एवढंच गटारात सोडते." त्याच मे महिन्यात मी स्वतः ठराव मांडला. बंद पडलेल्या पहिल्या बोअरभोवती खड्डा घेतला, केसिंगला छिद्रे पाडून जाळी गुंडाळली, खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू, आणि गच्चीचे पाइप त्यात सोडले. खर्च एक लाख दहा हजार. दुसरी बोअर आता मे अखेरपर्यंत चालते. मधली दोन वर्षे वाळू बदलायला विसरलो तेव्हा लगेच फरक पडला होता.

डिसेंबर २०२० च्या एकात्मिक नियमावलीतही ही अट कायम आहे. पण पार्किंग, तळघर आणि भिंतीपर्यंतचे काँक्रीट यांतून नव्या इमारतींना उघडी माती राहते किती? मागच्या वर्षी आपल्या मागच्या नव्या इमारतीने दोन बोअर मारल्या. त्यांची कमिटी चौकशीला आली होती. मी त्यांना २०१६ च्या बिलाची झेरॉक्स दिली आणि सोबत २००५ च्या इतिवृत्ताचे ते पानही दिले.